रणगाडे वाहणारं बिननावाचं जहाज : एलएसटी-३२५ची गोष्ट

भारत आणि अमेरिकेच्या सैन्यदलांचा ‘टायगर ट्रायम्फ’ हा संयुक्त सराव विशाखापट्टणम आणि काकीनाड्याच्या परिसरात होतो. त्याची छायाचित्रं आली की एक प्रश्न हमखास विचारला जातो. भलंमोठं जहाज पुढची दारं उघडून वाळूला टेकलेलं असतं आणि त्यातून जवान, ट्रक, चिलखती गाड्या थेट किनाऱ्यावर उतरत असतात. जहाज असं मुद्दाम किनाऱ्यावर चढवतात का? ते रुतत नाही का? आणि रुतलं तर काढतात कसं?

शंका रास्त आहे. २०११च्या पावसाळ्यात ‘एमव्ही विस्डम’ हे जहाज जुहूच्या वाळूत येऊन अडकलं, तेव्हा ते ओढून पुन्हा समुद्रात न्यायला कित्येक दिवस लागले होते. साध्या जहाजासाठी किनारा म्हणजे संकटच. मग हे दुसरं जहाज तिथे रोज जाऊन सुखरूप परत कसं येतं?

हे समजून घ्यायला दुसऱ्या महायुद्धातल्या एका खऱ्या जहाजाचा माग काढणं सोपं पडेल. ते अजून चालू स्थितीत आहे. त्याला नाव नाही, फक्त क्रमांक आहे : एलएसटी-३२५. एलएसटी म्हणजे ‘लँडिंग शिप, टँक’, अर्थात रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारं जहाज. विमानवाहू नौका आणि पाणबुड्या यांच्याबद्दल आपण पुष्कळ वाचतो. या मालवाहू, संथ, दिसायला बेढब जहाजांबद्दल फार कमी वाचतो. माझ्या मते युद्धाचा निकाल लावण्यात त्यांचा वाटा लढाऊ जहाजांपेक्षा तसूभरही कमी नव्हता.

## बंदर असताना वाळूवर कशाला?

जून १९४०मध्ये डंकर्कहून ब्रिटिश सैन्य जीव वाचवून मायदेशी परतलं. माणसं परत आली, पण रणगाडे, तोफा आणि ट्रक फ्रान्समध्येच राहिले. युरोपात पुन्हा पाऊल टाकायचं तर ही सगळी अवजड सामग्री समुद्रापलीकडे न्यावी लागणार होती आणि ती उतरवायला बंदर हवं होतं. बंदरं मात्र सगळी जर्मनीच्या ताब्यात होती.

मग बंदरच जिंकून घेतलं तर? ऑगस्ट १९४२मध्ये फ्रान्समधल्या दिएप बंदरावर तसा हल्ला करून पाहण्यात आला. एका दिवसात ९००हून अधिक कॅनेडियन सैनिक मारले गेले आणि बंदर काही हाती लागलं नाही. शत्रू सगळ्यात कडक पहारा बंदरावरच ठेवणार, हे उघड होतं. शिवाय बंदर हातचं जाणार असं दिसलं की तो धक्के आणि क्रेन उडवून देणार, म्हणजे जिंकूनही ते लगेच वापरता येणार नाही. त्यामुळे उघड्या पुळणीवरच उतरायचं, तेही रणगाड्यांसकट, हा एकच मार्ग उरला.

ब्रिटिशांनी आधी हाताशी असलेली जहाजं वापरून पाहिली. व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराच्या तोंडाशी पाणी उथळ आहे. तिथून तेल आणण्यासाठी खास उथळ बांधणीची टँकर जहाजं असत. अशा तीन जहाजांची पुढची बाजू कापून तिथे दारं बसवली. प्रयोग जमला, पण अशी तीन जहाजं पुरणार कशी? तेव्हा ब्रिटिशांनी अमेरिकेकडे मागणी केली : अटलांटिक महासागर स्वतःच्या बळावर ओलांडेल आणि तरीही वाळूवर चढेल असं जहाज आम्हाला हवं.

या दोन अटी एकमेकींच्या विरुद्ध आहेत. सगळी मेख इथेच आहे.

## एकच जहाज खोलही आणि उथळही?

जहाजाचा जेवढा भाग पाण्याखाली असतो त्याच्या खोलीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. महासागरात ड्राफ्ट जास्त असला तर जहाज स्थिर राहतं. किनाऱ्याला लागायचं तर तो जितका कमी तितका चांगला.

पाण्याने भरलेल्या हौदात रिकामी परात सोडून बघा. ती पाण्याच्या अगदी वरवर तरंगते आणि जरा हलवलं की गोल गोल फिरत सुटते. आता त्याच परातीत दोन तांबे पाणी ओता. ती खाली बसते आणि तिचं हेलकावणं कमी होतं. आतलं पाणी काढून टाकलं की पुन्हा वर येते. एलएसटीचं मर्म एवढंच आहे. तिचा तळ परातीसारखा सपाट आहे आणि पोटात मोठमोठ्या टाक्या आहेत. खोल समुद्रात या टाक्यांत समुद्राचंच पाणी भरायचं म्हणजे जहाज खाली बसतं. किनारा जवळ आला की पंपांनी ते पाणी बाहेर टाकायचं म्हणजे जहाज वर उचललं जातं. या पाण्याला ‘बॅलास्ट’ म्हणतात.

हा तोडगा अमेरिकी नौदलाच्या जहाजबांधणी विभागातले जॉन नीडरमेयर यांनी काढला. ब्रिटिशांची मागणी आल्यावर नोव्हेंबर १९४१मध्ये त्यांनी काही तासांत कच्चा आराखडा काढला आणि पुढे तयार झालेलं जहाज त्या आराखड्यापासून फारसं दूर गेलं नाही.

आकडे बघितले तर त्यामागचा विचार जास्त स्पष्ट होतो. जहाजाची लांबी ३२८ फूट आणि रुंदी ५० फूट. महासागरात पूर्ण भार घेऊन चालताना पुढचं टोक साधारण ८ फूट आणि मागचं १४ फूट पाण्यात असायचं. किनाऱ्यावर चढताना पुढे जेमतेम ४ फूट आणि मागे सुमारे १० फूट. पुढच्या आणि मागच्या ड्राफ्टमधला ६ फुटांचा फरक दोन्ही वेळा तसाच राहतो, हे लक्षात घ्या. सुमारे ३०० फूट लांबीवर ६ फूट म्हणजे ५० फुटांना १ फूट. जहाजाचा तळच असा तिरका ठेवलेला होता, कारण ज्या किनाऱ्यांवर उतरायचं त्यांच्या वाळूचा उतार साधारण तेवढाच असेल असं गृहीत धरलं होतं. जहाज वाळूला टेकलं की तळ आणि वाळू एकमेकांना बऱ्याच लांबीवर भिडत. जहाज नुसतं पुढच्या टोकावर अडकून मागून लोंबकळत राहत नसे.

पोटातल्या लांबच लांब दालनात शर्मन जातीचे १८-२० रणगाडे मावत. वरच्या डेकवर ट्रक आणि जीप उभ्या असत. ३२५ हे सुरुवातीच्या जहाजांपैकी असल्यामुळे त्यात वरच्या गाड्या खाली आणायला लिफ्ट आहे. नंतरच्या जहाजांत लिफ्टऐवजी उतार दिला गेला आणि त्यामुळे माल बराच लवकर उतरू लागला.

एक अडचण मात्र कागदावर सुटणारी नव्हती. बंद दालनात वीस रणगाडे एकदम सुरू झाले तर धुरानेच आतली माणसं मरतील. म्हणून केंटकी राज्यातल्या फोर्ट नॉक्स या लष्करी तळावर, समुद्रापासून शेकडो मैल दूर, जहाजाच्या दालनाएवढी इमारत बांधली, तिच्यात रणगाडे चालवून पाहिले आणि धूर बाहेर काढणारे पंखे किती हवेत ते ठरवलं. ही इमारत आजही उभी आहे.

## वर चढलं, पण परत निघतं कसं?

त्यासाठी जहाजाच्या मागच्या बाजूला एक जादा नांगर असतो. किनारा काही अंतरावर असतानाच तो समुद्रात टाकतात. जहाज पुढे जात राहतं आणि मागे पोलादी दोर सुटत जातो. माल उतरल्यावर जहाज हलकं होतं. मग यंत्राने तो दोर गुंडाळायला घ्यायचा आणि इंजिनं उलटी चालवायची. नांगर तळाला घट्ट धरून असतो, त्यामुळे जहाज स्वतःलाच मागे ओढून घेतं. हा नांगर निघताना जितका कामाचा तितकाच उभं असतानाही कामाचा, कारण बाजूच्या लाटांनी जहाज आडवं होऊन किनाऱ्याला समांतर पडलं तर खरोखरच जुहूसारखी अवस्था होते.

जून १९४४मध्ये दोस्त राष्ट्रांचं सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरलं, तेव्हा आणखी एक युक्ती उपयोगी पडली. कोकणातल्या खाडीत होड्या ओहोटीला चिखलावर टेकलेल्या दिसतात आणि भरतीला पुन्हा तरंगतात. तेच ३२८ फुटी जहाजाबाबत करायचं. भरतीच्या वेळी वाळूवर जायचं, ओहोटी होऊ द्यायची, जहाज पूर्ण कोरडं पडलं की दारं उघडून गाड्या कोरड्या वाळूवर उतरवायच्या आणि पुढच्या भरतीला निघायचं. नॉर्मंडीला भरती-ओहोटीतला फरक मोठा असल्याने हे शक्य होतं. आधी अधिकाऱ्यांना भीती होती की एवढं जहाज कोरडं पडलं तर त्याची पाठ मोडेल. प्रत्यक्षात मोडली नाही. १९ जून १९४४पासून तीन-चार दिवस झालेल्या वादळात नॉर्मंडीतल्या ‘ओमाहा’ या सांकेतिक नावाच्या किनाऱ्यासमोरचं अमेरिकनांचं कृत्रिम बंदर उद्ध्वस्त झालं. तेव्हा वाळूवर कोरड्या पडणाऱ्या याच जहाजांनी पुरवठा चालू ठेवला.

## ३२५ची सेवापुस्तिका

एलएसटी-३२५ फिलाडेल्फियाच्या नौदल गोदीत बांधलं गेलं. २७ ऑक्टोबर १९४२ रोजी ते पाण्यात उतरलं आणि १ फेब्रुवारी १९४३ रोजी सेवेत दाखल झालं. त्या वसंतात ते अटलांटिक ओलांडून अल्जीरियात गेलं. जुलैमध्ये सिसिलीवरच्या चढाईत ते ‘गेला’ या गावाच्या किनाऱ्यावर होतं. सप्टेंबरमध्ये इटलीतल्या सालेर्नोला त्याने रणगाडे उतरवले. वर्षअखेरीस ते इंग्लंडमध्ये पोचलं.

मग ६ जून १९४४, म्हणजे नॉर्मंडीच्या चढाईचा पहिला दिवस आला. चित्रपटांत दिसणारा दिवस तो हाच. पण त्या सकाळी ओमाहाच्या वाळूवर ३२५ नव्हतं. ते दुसऱ्या टप्प्यातल्या ताफ्यात होतं आणि ७ जूनला किनाऱ्यासमोर पोचलं.

इथे कुणी म्हणेल, मग यात शौर्याचं काय? पहिल्या लाटेत गेले ते खरे वीर, हे जहाज तर मागाहून आलं. पहिल्या लाटेतल्या माणसांचं मोल कमी करण्याचा प्रश्नच नाही. पण पहिली लाट किनारा ताब्यात घेते आणि तिथून पुढे तिला रोज दारूगोळा, इंधन, अन्न, औषधं आणि ताज्या दमाची माणसं लागतात. ती पोचली नाहीत तर जिंकलेला किनारा चार दिवसांत हातचा जातो. जून १९४४ ते एप्रिल १९४५ या काळात ३२५ने इंग्लिश खाडीच्या ४०हून अधिक फेऱ्या केल्या. ओमाहा, युटा, गोल्ड, जुनो हे किनारे, नंतर शेरबूर, ल हाव्र, रुआँ ही बंदरं. गाड्या भरा, सुरुंग आणि पाणबुड्या चुकवत पलीकडे जा, उतरवा, परत या, पुन्हा भरा. या फेऱ्यांवर चित्रपट निघत नाहीत. पण बर्लिनच्या वाटेवरच्या सैन्याचं पोट भरलं ते अशा शेकडो जहाजांच्या फेऱ्यांनीच.

परतीच्या वाटेवर जहाज रिकामं नसे. ज्या दालनात जाताना रणगाडे असत, तिथे भिंतींवर स्ट्रेचर टांगायची सोय केली होती. नॉर्मंडीहून ४० हजारांहून अधिक जखमी सैनिक एलएसटींनी इंग्लंडला परत आणले. काही जहाजांत शस्त्रक्रियेची जागाही होती. ज्यांनी सकाळी रणगाडे उतरवले तेच खलाशी रात्री जखमींना पाणी पाजत असत.

२८ डिसेंबर १९४४चा दिवस या जहाजाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मानावा लागेल. सुमारे १,५०० अमेरिकी सैनिकांना घेऊन फ्रान्सकडे निघालेलं ‘एम्पायर जॅव्हेलिन’ हे जहाज स्फोट होऊन बुडू लागलं. ३२५ मदतीला धावलं आणि एका फ्रेंच युद्धनौकेच्या साथीने सुमारे ७०० जणांना त्याने आपल्या डेकवर घेतलं. जहाजाचे कप्तान क्लिफर्ड मोझियर यांना त्याबद्दल ‘ब्राँझ स्टार’ हे लष्करी पदक मिळालं. वाळूवर रणगाडे उतरवण्यासाठी बांधलेलं जहाज भर समुद्रात शेकडो माणसांना सामावून घेऊ शकलं, कारण त्याच्यात जागा होती. पोट रिकामं ठेवून बांधलेल्या जहाजाचा हा फायदा लक्षात ठेवायला हवा, कारण पुढे भारताच्या संदर्भात तोच पुन्हा येणार आहे.

## सपाट तळाचं जहाज समुद्रात टिकतं का?

टिकतं, पण हाल सोसून. बॅलास्ट भरलं तरी सपाट तळ लाटेवर आपटतोच. या जहाजांवर काम केलेल्यांच्या आठवणींत डोलणं आणि उलट्या यांचा उल्लेख हटकून येतो. मे १९४५मध्ये ३२५ अमेरिकेला परतत असताना अटलांटिकमध्ये मोठं वादळ लागलं. लांब जहाजाच्या मध्यावर लाट आली की दोन्ही टोकं खाली झुकतात आणि पाठीवर ताण येतो. एका लाटेत मुख्य डेकलाच तडा गेला. खलाशांनी भर समुद्रात पोलादी पट्ट्या वितळजोड करून तो तडा रोखला आणि जहाज बंदरात आणलं. पुढे पॅसिफिकसाठी त्याची तयारी चालू असतानाच जपान शरण आला आणि युद्ध संपलं.

## एवढं संथ जहाज म्हणजे शत्रूला आयतीच शिकार ना?

खलाशीही तेच म्हणायचे. एलएसटी या अक्षरांचा त्यांनी ‘लार्ज स्लो टार्गेट’ असा अर्थ लावला होता. कमाल वेग १२ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटर. ताफ्यात तर त्याहूनही कमी.

धोका खरा होता. २८ एप्रिल १९४४च्या पहाटे इंग्लंडच्या दक्षिणेला लाइम उपसागरात नॉर्मंडीची रंगीत तालीम चालू असताना जर्मनीच्या वेगवान टॉर्पेडो बोटी एलएसटींच्या रांगेत घुसल्या. दोन जहाजं बुडाली, तिसरं मोडक्या अवस्थेत परतलं. ७००हून अधिक अमेरिकी सैनिक आणि खलाशी मारले गेले. अनेकांनी जीवरक्षक पट्टे चुकीच्या पद्धतीने बांधले होते, त्यामुळे पाठीवरच्या ओझ्यासह ते पाण्यात उलटे झाले. चढाईची योजना फुटू नये म्हणून ही बातमी तेव्हा दाबून ठेवावी लागली.

तरीही एकूण हिशेब वेगळं सांगतो. अमेरिकेत युद्धकाळात बांधलेल्या १,०५१ एलएसटींपैकी शत्रूच्या हल्ल्यात २६ बुडाल्या, आणखी १३ वादळ, खडक आणि अपघात यांनी गेल्या. उथळ ड्राफ्ट हेही त्यामागचं एक कारण मानलं जातं : मोठ्या जहाजांसाठी खोलवर सोडलेला टॉर्पेडो कधीकधी त्यांच्या खालून निघून जाई. शिवाय आतली विभागणी चांगली होती, त्यामुळे एखाद्या कप्प्यात पाणी शिरलं तरी जहाज लगेच जात नसे.

## हजार जहाजं बांधली कुठे?

किनाऱ्यावरच्या गोद्या विमानवाहू नौका आणि विनाशिका बांधण्यात गुंतल्या होत्या. म्हणून एलएसटी देशाच्या पोटात, नद्यांच्या काठी बांधायचं ठरलं. ड्राफ्ट कमी असल्याने ओहायो, इलिनॉय आणि मिसिसिपी या नद्यांतून त्या समुद्रापर्यंत नेता येत. पूल बांधणाऱ्या कंपन्यांना जहाजं बांधायला लावलं. समुद्र कधी न पाहिलेले शेतकरी आणि त्यांच्या घरच्या बाया वेल्डिंग शिकल्या. इंडियाना राज्यातल्या एव्हान्सव्हिल या एकाच गावात अशा १६७ एलएसटी तयार झाल्या.

आणि तरीही त्या पुरल्या नाहीत. नॉर्मंडीची चढाई आधी मे १९४४मध्ये ठरली होती. ती जूनवर गेली, त्यात आणखी एक महिन्याची जहाजं हाती यावीत हे मोठं कारण होतं. दक्षिण फ्रान्सवरची चढाई नॉर्मंडीसोबतच व्हायची होती, ती जहाजांअभावी ऑगस्टपर्यंत थांबली.

या टंचाईची झळ आपल्यापर्यंतही आली. १९४२पासून अंदमान बेटं जपानच्या ताब्यात होती. ती परत घेण्याची योजना १९४३च्या अखेरीस तयार होती. पण दोस्त राष्ट्रांच्या नेत्यांच्या तेहरानमधल्या परिषदेनंतर युरोपातल्या मोहिमांसाठी जहाजं हवीत म्हणून डिसेंबरमध्ये ती गुंडाळली गेली. बेटांवरचा जपानी अंमल जपानच्या शरणागतीनंतरच, १९४५मध्ये संपला. अंदमानातल्या माणसांच्या नशिबाचा फैसला हजारो मैल दूर जहाजांच्या हिशेबात झाला. युद्धाच्या इतिहासात याची नोंद एखाद्या ओळीत उरकली जाते. माझ्या लेखी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचण्यासारखी आहे.

## वाळू दगा देते तेव्हा

एलएसटीची सगळी गणितं समुद्राचा तळ कसा आहे यावर बेतलेली असतात आणि तळ बाहेरून दिसत नाही. सप्टेंबर १९४५मध्ये मलायातल्या मोरिब किनाऱ्यावर भारतीय सैन्य उतरलं तेव्हा जपानने आधीच शरणागती पत्करली होती. गोळीबार नव्हता, तरी कित्येक गाड्या मऊ तळात रुतून पाण्याखाली गेल्या. लढाई झाली असती तर काय झालं असतं याची कल्पनाच केलेली बरी.

१९७१च्या युद्धात हेच दुखणं भारतीय नौदलाला भोवलं. डिसेंबरच्या मध्यावर तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारजवळ गुरखा जवान उतरवायचे होते. ‘घडियाल’ आणि ‘गुलदार’ ही जहाजं किनाऱ्याआधीच वाळूच्या पट्ट्यावर टेकली. पट्टा आणि किनारा यांच्यामध्ये पाणी खोल होतं. उथळ समजून उतरलेल्यांपैकी काही जवान बुडाले. पट्ट्याला टेकणं म्हणजे किनाऱ्याला पोचणं नव्हे, हे त्या दिवशी जीव देऊन कळलं. म्हणूनच अशा मोहिमेआधी पाणबुडे पाठवून तळ तपासतात, वाळूचे नमुने आणतात, भरतीची वेळ मिनिटांनी ठरवतात.

## मग या जहाजाचं पुढे काय झालं?

१९४६मध्ये ३२५ सेवेतून निघालं. १९५०च्या दशकात ते पुन्हा बाहेर काढलं गेलं आणि कॅनडाचा पूर्व किनारा व ग्रीनलँडकडे रडार केंद्रं उभारण्यासाठी सामान नेऊ लागलं. त्या बर्फाळ मुलखातही धक्के नव्हते, त्यामुळे वाळूवर चढणारं जहाज तिथे उपयोगी पडलं. १९६४मध्ये ते ग्रीसला दिलं गेलं. ‘सायरोस’ या नावाने त्याने तिथल्या नौदलात १९९९पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षं सेवा केली. ग्रीसने त्याला नाव दिलं. अमेरिकेत ते क्रमांकावरच राहिलं.

एवढी वर्षं ते चाललं कसं? इंजिनं हे एक उत्तर. दोन्ही डिझेल इंजिनं जनरल मोटर्सच्या ज्या मालिकेतली होती ती अमेरिकी रेल्वे इंजिनांतही सर्रास वापरली जाई. त्यामुळे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारी माणसं दोन्ही मिळत राहिली.

२०००मध्ये एलएसटींवर काम केलेले निवृत्त अमेरिकी खलाशी क्रीट बेटावरच्या सूदा बंदरात गेले. त्यांच्या संस्थेला एक एलएसटी स्मारक म्हणून मायदेशी न्यायची होती आणि त्यासाठी अमेरिकी संसदेची मंजुरी मिळवावी लागली होती. त्यांचं सरासरी वय ७२. जहाज गंजलेलं होतं. ते टगबोटीने ओढून नेण्याऐवजी स्वतः चालवत नेण्याचा त्यांनी हट्ट धरला. महिनोन्महिने दुरुस्ती करून नोव्हेंबरमध्ये ते निघाले. १२ डिसेंबरला जिब्राल्टर सोडलं आणि ऐन हिवाळ्यात अटलांटिक ओलांडून १० जानेवारी २००१ रोजी अलाबामातल्या मोबिल बंदरात पोचले. अंतर सुमारे ६,५०० मैल, कप्तान रॉबर्ट जॉर्नलिन. ही सफर भावनेपोटी केलेलं साहस होतं असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्या माणसांना ते जहाज आतून ठाऊक होतं. कोणता पंप कधी अडतो आणि कोणती झडप हाताने फिरवावी लागते, हे पुस्तकात सापडत नाही. तेच ज्ञान त्यांनी त्या महिनाभरात वापरलं.

२००५पासून ३२५चं घर एव्हान्सव्हिल. ते तिथे बांधलेलं नाही, पण १६७ एलएसटी बांधणाऱ्या गावाला त्या जातीचं एक जहाज मिळालं. दरवर्षी ते नदीतून दुसऱ्या गावांना जातं आणि लोक आत जाऊन रणगाड्यांचं दालन पाहतात.

## आता विमानं आहेत, मग असली जहाजं कशाला?

वजनाचा हिशेब करा. आपल्या हवाई दलाचं सी-१७ हे अवाढव्य मालवाहू विमान एका वेळी एकच जड रणगाडा नेतं आणि त्याला धावपट्टी लागते. युद्धात किंवा भूकंपात धावपट्टी शाबूत असेलच असं नाही. जहाज एका फेरीत अनेक रणगाडे किंवा शेकडो टन धान्य नेतं.

म्हणून ही परंपरा आपल्याकडेही टिकली आहे. दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीने अशा नौकांच्या प्रशिक्षणासाठी तमिळनाडूतल्या मंडपमला ‘हमला’ हा तळ काढला. तिथे तयार झालेल्या तुकड्या ब्रह्मदेशातल्या आराकान किनाऱ्यावर लढल्या. आज ‘आयएनएस हमला’ मुंबईत मालाडजवळ मार्वेला आहे आणि तिथे पुरवठा व्यवस्थेचं शिक्षण दिलं जातं. १९४९मध्ये भारताने ब्रिटनकडून युद्धकाळातली एक एलएसटी घेतली आणि तिचं नाव ‘मगर’ ठेवलं. त्याच नावाचं दुसरं जहाज कोलकात्यात बांधलं गेलं. ते १९८७मध्ये दाखल झालं आणि २०२३मध्ये निवृत्त झालं. नौदलाचं ‘जलाश्व’ हे जहाज मात्र थोडं वेगळं आहे : ते स्वतः वाळूवर चढत नाही, मागचं दालन पाण्याने भरून त्यातून छोट्या नौका बाहेर सोडतं. किनाऱ्यावरून डागलेली क्षेपणास्त्रं आता दूरवर मारा करतात, त्यामुळे मोठं जहाज लांब ठेवून छोट्यांना पुढे पाठवण्याकडे कल आहे. म्हणजे उघड्या किनाऱ्यावर सरळ चढून जाणं पूर्वीपेक्षा जोखमीचं झालं आहे हा आक्षेप खरा आहे. पण किनारा सुरक्षित झाल्यावर पुढचे सहा महिने माल कोण उतरवणार, या प्रश्नाचं उत्तर बदललेलं नाही.

मे २०२०मध्ये टाळेबंदीने विमानं थांबली असताना मालदीवमध्ये अडकलेल्या भारतीयांना आणायला नौदलाने ‘समुद्र सेतू’ मोहीम काढली. त्यासाठी विनाशिका नव्हे, तर पोटात जागा असलेली जहाजं आधी निघाली. १० मे रोजी ‘जलाश्व’ ६९८ जणांना घेऊन कोचीला लागलं. दोन दिवसांनी ‘मगर’ आणखी २०२ जणांना घेऊन आलं.